खुंटी नसलेली नावं

माझ्या आईच्या आयुष्यातली शेवटची दोन वर्षं तिची सगळ्यात जवळची मैत्रीण तिच्याकडे फिरकली नाही. त्याला कारण मी. आईला हे कधीच कळलं नाही. मैत्रिणीला कळलं ते आई गेल्यावर, माझ्याच तोंडून. हे असं सरळ लिहायला मला बरेच महिने लागले, कारण आधी मी स्वतःची समजूत घालत होते की चूक प्रोग्रामची आहे. पण प्रोग्रामही मीच लिहिलेला, त्यामुळे ती समजूत फार दिवस टिकली नाही.

मी डेटाबेस सांभाळते. नोकरी दूरच्या शहरातल्या कंपनीची, पण बसते बनारसलाच, लंका भागातल्या आमच्या फ्लॅटमध्ये, जेवणाच्या टेबलापाशी. माहेर दुर्गाघाटच्या गल्लीत. स्कूटी मैदागिनच्या चौकात लावायची आणि पुढे चालत जायचं. आमच्या घराण्याला काशीत येऊन किती पिढ्या झाल्या हे बाबा दर वेळी वेगळं सांगतात. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर हिंदी, आणि माझी मुलगी तर आता उंबऱ्याच्या आतही हिंदीच बोलते.

माझं काम कुणाला समजावून सांगायची वेळ आली की मी खुंटीचं उदाहरण देते. डेटाबेस म्हणजे पुष्कळशी टेबलं. एकात कुटुंबं, दुसऱ्यात माणसं, तिसऱ्यात त्या माणसांची कामं. एका टेबलातली ओळ दुसऱ्या टेबलातल्या ओळीवर टांगलेली असते, भिंतीतल्या खुंटीला पिशवी टांगावी तशी. टेबलांची रचना बदलायची, म्हणजे आमच्या भाषेत स्कीमा अपग्रेड करायचा, तर क्रम सांभाळावा लागतो. जुन्या भिंतीवरून आधी पिशव्या उतरवायच्या, मग खुंट्या काढायच्या. नव्या भिंतीत आधी खुंट्या ठोकायच्या, मग पिशव्या टांगायच्या. क्रम चुकला की सगळं जमिनीवर. ह्या कामात मी हुशार समजली जाते. कुठलं टेबल कशावर अवलंबून आहे हे मी स्क्रीन न बघता सांगते, आणि सांगताना मला थोडा माज येतो हेही खरं.

आमच्या इथल्या मराठी लोकांचं एक मंडळ आहे. त्याचं चैत्रातलं हळदीकुंकू आई बघायची. आई आणि काकू, दोघी मिळून. काकू म्हणजे नात्यानं आमची कुणी नाही. बालाजी घाटाच्या बाजूला, तीन जिने चढून, दोन खोल्यांत ती आणि काका राहायचे. काका पाठशाळेत शिकवायचे. त्यांना मूलबाळ झालं नाही. मला शाळेतून आणायची ती काकू, माझ्या परकराची उसवलेली शिवण घालायची ती काकू, आणि आईशी भांडून मी रुसले की तासाभरानं मला परत आणून सोडायची तीही काकूच.

हळदीकुंकवाचं बोलावणं करायची त्यांची रीत ठरलेली होती. हातात करंडा घ्यायचा, घरोघर जायचं, दारात उभं राहून कुंकू लावायचं आणि दिवस-वेळ सांगायची. गल्ल्यांमधून, जिने चढत-उतरत, चार-पाच दिवस हेच चालायचं. प्रत्येक घरी पाणी प्यायचं, प्रत्येक घरी दोन घटका बसायचं. एखादीच्या घरी आजारपण असलं तर ते कळायचं, एखादीचा चेहरा उतरलेला असला तर तोही दिसायचा. मला हा सगळा वेळेचा अपव्यय वाटे. मग कार्यक्रमाच्या दिवशी आई पन्हं करायची आणि काकू डाळ वाटायची. कैरीची डाळ मिक्सरमधून काढलेली काकूला चालत नसे. "पीठ होतं गं त्याचं, डाळ नाही राहत," म्हणून ती स्वतःच्या घरचा सिल-बट्टा, म्हणजे पाटा-वरवंटा, मंडळात आणायला लावायची.

आईचे गुडघे गेले तेव्हा मी पुढे सरसावले. मंडळाच्या चिटणीसांकडे एक जाड रजिस्टर होतं. त्यात घरटी एक पान, पानाच्या वर कुटुंबप्रमुखाचं नाव आणि खाली बाकीची माणसं. ते सगळं मी डेटाबेसमध्ये घातलं. कुटुंबांचं एक टेबल, त्यावर टांगलेलं माणसांचं टेबल, आणि माणसांवर टांगलेलं बोलावण्याचं टेबल. एक बटण दाबलं की सगळ्या बायकांना मेसेज. आईला मी ऐटीत म्हणाले, "आता गल्ल्या तुडवायची गरज नाही." आईनं करंडा पुसून कपाटात ठेवला. तिला बरं वाटलं की वाईट, हे मी विचारलं नाही.

चार वर्षांपूर्वी कार्तिकात काका गेले. पुढच्या चैत्रात मेसेज गेले, ते काकूलाही गेले. आईनं तेवढ्यावर भागवलं नाही. ती मला घेऊन काकूकडे गेली आणि म्हणाली, "डाळ तूच वाटणार आहेस. सिल मी उचलून नेणार नाही, सांगून ठेवते." काकू आली. साधं पांढरं-निळं लुगडं नेसून कोपऱ्यात बसली आणि डाळ वाटायला लागली. तेव्हा एक बाई, मोठ्या काळजीच्या सुरात, म्हणाली, "आता ह्यांना कशाला तकलीफ द्यायची?" तिला काय म्हणायचंय ते सगळ्यांना कळलं. आई पन्ह्याच्या पातेल्यातून डाव न काढता म्हणाली, "तकलीफ डाळीला होतेय, तिला नाही." आणि सगळ्यांना कुंकू लावता लावता ती काकूपाशी आली, काकूनं मान मागे घेतली, तर आईनं तिची हनुवटी धरून कुंकू लावलं. मला त्या दिवशी आईचा फार अभिमान वाटला.

इथपर्यंत सगळं आईनं केलं. पुढचं मी केलं.

त्यानंतरच्या फाल्गुनात मी मंडळाचा डेटाबेस नव्या व्हर्जनवर न्यायला घेतला. जुनं व्हर्जन ढिलं होतं. त्यात एखादी ओळ खुंटीला टांगलेली आहे की नुसतीच भिंतीशी उभी आहे, हे ते कधी तपासतच नसे. नवं कडक होतं. प्रत्येक ओळीला खुंटी हवीच, म्हणजे प्रत्येक माणसाला कुटुंबप्रमुख हवाच, असा नियम मी मोठ्या हौसेनं घातला. रविवारची दुपार होती. घरात कुणी नव्हतं. मी चहा करून घेतला आणि क्रमानं कामाला लागले. बोलावण्याचं टेबल उतरवलं, माणसांचं उतरवलं, कुटुंबांचं उतरवलं. नव्या भिंतीत आधी कुटुंबांचं उभं केलं. मग माणसं टांगायला घेतली आणि गाडी अडली. सतरा ओळींना खुंटी सापडत नव्हती.

असं आमच्या धंद्यात रोज होतं. अशा ओळींना आम्ही अनाथ म्हणतो आणि त्यांचं काय करायचं ते ठरलेलं असतं. बहुतेक तो जुना कचरा असतो, कुणीतरी अर्धवट टाकलेली, विसरलेली नोंद. बाजूला काढायची आणि पुढे जायचं. मी त्या सतरा ओळी एका वेगळ्या फाइलमध्ये काढल्या. फाइलचं नाव ठेवलं, "नंतर बघू". त्या ओळी माणसांच्या टेबलातून गेल्या, म्हणून त्यांच्यावर टांगलेल्या बोलावण्याच्या ओळीही आपोआप गेल्या. मग सगळं धडाधड पार पडलं, एकही चूक नाही. माझा चहा अजून कोमटच होता. मी स्वतःवर खूश होते.

ती फाइल उघडायला अर्धं मिनिट लागलं असतं. सतरा नावं होती. त्यातली निदान दहा मी लहानपणापासून ओळखत होते. मी उघडली नाही. हे मी आजवर ज्या ज्या लोकांना सांगितलं ते म्हणतात, "अगं, तुला काय माहीत." तेच तर. माहीत करून घ्यायचंच माझं काम होतं.

चैत्र आला. आईचा फोन आला, "मेसेज गेला ना गं सगळ्यांना?"

मी ऑफिसच्या मीटिंगमध्ये होते. "गेला," म्हणाले.

"सगळ्यांना?"

"हो गं आई, सगळ्यांना. मशीन आहे ते, विसरत नाही."

काकू आली नाही. आईनं तासभर वाट बघितली. मग कुणीतरी मिक्सरमधून डाळ काढली आणि ती काकू म्हणायची तशीच झाली, पिठासारखी. घरी परतताना मी आईला म्हणाले, "जाऊन ये ना एकदा तिच्याकडे." आई म्हणाली, "मागच्या वर्षी त्या बाईचं बोलणं तिला लागलं असणार. मेसेज गेला तरी आली नाही, म्हणजे यायचं नाही तिला. मी जाऊन ओढून आणलं तर पुन्हा चार जणींसमोर तेच. नको बाई." आईचं बरोबर होतं. तिला जे माहीत होतं त्यावरून तिचं सगळं बरोबर होतं. तिला माहिती पुरवणारी मी होते.

काकूला काय वाटलं असेल, ह्याचा विचार करायला मला आता रोज वेळ असतो. आदल्या वर्षी कुजबुज झाली होती. ह्या वर्षी मेसेजच आला नाही. यादी कुणाच्या हातात, तर तिच्या मैत्रिणीच्या. ह्यातून जो अर्थ निघतो तो तिनं काढला. आणि ह्यात सगळ्यात वाईट गोष्ट ही, की तिनं तक्रार केली नाही. लाइटचं बिल चुकलं, गॅसचा नंबर लागला नाही, तर माणूस भांडायला जातो. इथे भांडायचं कशाला? नवरा गेलेल्या बाईला हळदीकुंकवाचं बोलावणं आलं नाही, ह्यात चूक झाली असेल असं कुणाच्या मनातच येणार नव्हतं. माझी चूक आपल्या रीतीसारखीच दिसत होती. त्या सतरा जणींपैकी एकीनंही दोन वर्षांत फोन करून विचारलं नाही की मला का नाही आला. सतराही जणींनी ते जसंच्या तसं स्वीकारलं.

त्या काळात काकू मला एकदा भाजीवाल्यापाशी भेटली. तिनं माझ्या मुलीच्या परीक्षेचं विचारलं, नवऱ्याचं विचारलं, बाबांच्या डोळ्यांचं विचारलं. आईचं विचारलं नाही. ते माझ्या लक्षात आलं होतं. मला उशीर होत होता. मी "येते काकू" म्हणून निघाले आणि म्हाताऱ्या बायकांच्या रुसव्याफुगव्यांत आपण पडू नये, असं स्वतःला बजावलं. एरवी मी सगळ्यांच्या कामात नाक खुपसते. तेव्हाच नेमकी शहाणी झाले.

दुसरा चैत्रही तसाच गेला. आईनं पुन्हा विचारलं, मी पुन्हा "गेला" म्हणाले. गौरी, दसरा, कोजागिरी, सगळी बोलावणी त्याच यादीतून जात होती. आई काकूचं नाव क्वचितच काढायची, आणि काढलं तर दुसरंच काहीतरी बोलायला लागायची. माघात आई आजारी पडली आणि दहा दिवसांत गेली. काकू भेटायला आली. दारापाशीच सतरंजीच्या टोकाला बसली, बाबांकडे बघून नुसती मान हलवली, पाणीही न पिता उठून गेली. मी तिच्या मागे जिन्यापर्यंत गेले. ती वळली नाही. मला राग आला. आईसाठी हिला एक टिपूस गाळवत नाही, असं मला वाटलं.

महिनाभरानं चिटणीसांचा फोन आला. मंडळाच्या यादीतून आईचं नाव काढायचं होतं. एरवी हे ते स्वतः करत. रजिस्टरच्या दिवसांपासून त्यांची पद्धत एकच होती. घरातला कर्ता माणूस गेला की त्याचं नाव काढायचं. मुलगा असेल तर त्याला प्रमुख करून आईचं नाव त्याच्या खाली घालायचं. मुलगा नसेल तर पुढे काही करायचं नाही. पण आईचं नाव त्यांच्यानं काढवेना. "बेटा, तूच कर," असं ते म्हणाले.

दुपारी मी लॅपटॉप उघडला. कुठलीही ओळ काढण्याआधी तिच्याबरोबर काय काय पडेल ते बघून घ्यायची मला सवय आहे. तिची स्वतःची बोलावणी सोडली तर आईच्या नावावर काहीच टांगलेलं नव्हतं. एक नाव गेलं असतं आणि टेबलाला काही कळलंही नसतं. मला ते पटेना. जी बाई सबंध मंडळ चालवत होती तिच्यावर काहीच अवलंबून नाही? मग मी उगाचच, नुसतं बघायला, बाबांचं नाव टाकून बघितलं. बाबा गेले तर काय पडेल? स्क्रीनवर आईचं नाव आलं. मी एकुलती एक मुलगी, लग्न होऊन नवऱ्याच्या नावाखाली टांगलेली. म्हणजे आईच्या आधी बाबा गेले असते तर आईला खुंटी उरली नसती. माझी आई ह्या यादीतून गळली असती, आणि तिलाही वाटलं असतं की आपल्याला आता बोलावत नाहीत.

तेव्हा मला ती फाइल आठवली. मी ती उघडली. सतरा बायका. सगळ्यांचे नवरे गेलेले, कुणालाच मुलगा नाही. कुणाला मुली होत्या, कुणाला कुणीच नव्हतं. सहावं नाव काकूचं होतं.

दुरुस्तीला अर्धा तास लागला. कुटुंबप्रमुखाची अट काढली, प्रत्येकीला स्वतःच्याच नावानं उभं केलं, बोलावण्याच्या ओळी परत जोडल्या. अर्धा तास. नंतर तीन दिवस मी एकेकीला फोन करत होते. तीन फोन लागलेच नाहीत, आणि त्यातल्या दोघी आता नाहीत असं चिटणीसांनी सांगितलं. बाकीच्या सगळ्या माझ्याशी इतक्या गोड बोलल्या की त्यापेक्षा शिव्या परवडल्या असत्या. एक म्हणाली, "अरे, काही नाही बेटा, आमचं काय एवढं." मी फोन ठेवून स्वयंपाकघरात जाऊन रडले. काकूला फोन केला नाही. तिच्याकडे जायला हवं होतं. आईनं तिला टाकलं नव्हतं, हे तिला कळायलाच हवं होतं. आईवरचा तो आळ मला सहन होत नव्हता. आणि आळ घातला कुणी, हे लपवायची सोय नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी गेले. तीन जिने चढून वर पोचले तेव्हा काकू खिडकीशी तांदूळ निवडत बसली होती. लाइट गेलेली होती. तिनं मला वारा घालायला पंखा दिला आणि पाणी आणलं.

"काकू, मला काही सांगायचंय. मला मध्ये थांबवू नकोस."

मी सांगितलं. खुंट्यांचं उदाहरण दिलं, फाइलचं सांगितलं, आई दोन्ही वर्षं काय विचारत होती आणि मी काय उत्तर देत होते ते सांगितलं. ती ताटावरून नजर न उचलता ऐकत होती.

"म्हणजे मेसेज गेलाच नव्हता?"

"नाही."

"कुणाकुणाला नाही?"

"तुझ्यासारख्या सतरा जणींना."

"आमच्यासारख्या म्हणजे?"

मला ते तोंडानं म्हणावं लागलं. "ज्यांचे नवरे गेले आणि मुलगा नाही, अशा."

"हां," ती म्हणाली. "मग मशीननं काय वेगळं केलं? असंच तर होतं." थोड्या वेळानं तिनं हात थांबवले. "म्हणजे तुझ्या आईनं नाही काढलं मला."

"आईला माहीतच नव्हतं. तिला वाटत होतं, तूच येत नाहीस. त्या बाईचं बोलणं तुला लागलं, असं म्हणायची ती."

"त्या बाईचं?" काकू हसली. "तिचं मला काय लागणार! ती तर बोलतच असते. मला वाटलं, तुझ्या आईला लोकांनी सतावलं आणि ती थकून गेली. मी समजून गेले. पण मनात नाराज होतेच."

मला वाटलं, आता ती रडेल, किंवा मला बोलेल. मी दोन्हीची तयारी करून आले होते. दोन्हीनं मला बरं वाटलं असतं. ती उठली, ताट उचलून ओट्यावर ठेवलं आणि माझ्याकडे पाठ करून उभी राहिली.

"ती आली होती," काकू म्हणाली.

"कोण?"

"तुझी आई. गेल्या चैत्रात, हळदीकुंकू झाल्यावर दोन दिवसांनी. तुला नाही बोलली?"

आई मला काहीच बोलली नव्हती.

"ते तसले गुडघे घेऊन वर आली. कडी वाजवली. मला कळलं, तीच आहे. मी आतून बोलले, झोपलेय, तबियत ठीक नाही. ती म्हणाली, बरं, आराम कर. मग उतरली नाही लगेच. पायरीवर बसून राहिली. मला तिचा श्वास ऐकू येत होता. मी इथे, ह्या दाराच्या मागे उभी. मग बाहेरून म्हणाली, ह्या वर्षी पण डाळ कुणाला जमली नाही गं. बस, एवढंच. मला वाटलं, बघ, कामापुरती याद आली. मी बोलले नाही. मग ती हळूहळू उतरून गेली."

गल्लीत कुणीतरी सायकलची घंटी वाजवत होतं.

"काकू, तू माझ्यावर रागव. चूक माझी आहे. तिची नाही, तुझीही नाही."

"तुझ्यावर?" ती वळली. तिचे डोळे कोरडे होते. "तुझ्यावर रागवून काय करू? तू तर सांगून मोकळी झालीस." मग तिनं पदरानं हात पुसले आणि अगदी शांतपणे म्हणाली, "ती गेल्यापासून रोज मनाशी म्हणत होते, जाऊ दे, माफ केलं. होतच आलं होतं माझं. आता उलटंच झालं. आता तिनं मला माफ करायला पाहिजे, आणि ती तर नाही."

आईवरचा आळ काढायला म्हणून मी तीन जिने चढून आले होते. तो निघाला. पण तो काकूच्या अंगावर टाकल्याशिवाय निघत नव्हता, हे मला वर येताना सुचलं नव्हतं. मी पुन्हा तेच केलं होतं. कशावर काय टांगलेलं आहे ते न बघता हात घातला होता. क्षमा मागायचे शब्द माझ्याकडे होते, पण ते मागून मी पुन्हा तिच्याकडूनच काहीतरी घेतलं असतं.

मग काकूनं कुकर काढला, निवडलेले तांदूळ धुवायला घेतले आणि विचारलं, "जेवून जातेस ना?"

मी हो म्हणाले. घरी मीटिंग होती, मुलगी शाळेतून यायची होती, तरीही हो म्हणाले, कारण तिला नाही म्हणायची माझी हिंमत नव्हती.